वाचकांचे प्रश्न : कॉमेडीवाल्याने भुताचा सिनेमा काढला तर लोक हसतील का?

गेल्या अंकात मी जॉर्डन पीलवर चार ओळी लिहिल्या होत्या, की टीव्हीवर लोकांना हसवणारा हा अमेरिकन नट हॉरर सिनेमे काढायला लागला आणि पहिल्याच सिनेमाला ऑस्कर घेऊन आला. चारच ओळी, पण त्यावर एवढी पत्रं आणि व्हॉट्सअ‍ॅप आले की या वेळी बाकीचे सगळे प्रश्न बाजूला ठेवलेत. बहुतेक पत्रं आपल्या किनाऱ्यावरचीच आहेत, गुहागरपासून पार मालवणपर्यंत. नावं कुणाची छापत नाही, गाव तेवढं ठेवलंय.

ताई, हा माणूस आधी नक्की काय करायचा? आणि एकदम कॉमेडी सोडून हॉररमध्ये कसा आला, कंटाळा आला म्हणून का?
– कॉलेज विद्यार्थिनी, चिपळूण

एकदम नाही गं आला, तिथेच सगळ्यांचा घोळ होतो. २००३ पासून पाचेक वर्षं तो 'मॅड टीव्ही' नावाच्या कॉमेडी शोमध्ये होता, मग २०१२ ते २०१५ कीगन-मायकल की या जोडीदाराबरोबर 'की अँड पील' हा स्वतःचा शो केला, छोटी छोटी प्रहसनं, आपल्याकडे टीव्हीवर स्किट करतात ना, तसं. फक्त एक फरक होता आणि मला तो फार मोठा वाटतो. ती स्किट जवळपास सगळी पीटर अटेन्सिओ या एकाच दिग्दर्शकाने केली आणि ती खऱ्या सिनेमासारखी शूट केली. स्किट युद्धाचं असेल तर लाइट, कॅमेरा, कपडे सगळं युद्धाच्या सिनेमाचं, भुताचं असेल तर सगळं भुताच्या सिनेमाचं, कुणी कॅमेऱ्याला डोळा मारत नाही, कुणी 'बघा आम्ही विनोद करतोय' असं तोंड करत नाही. म्हणजे चार वर्षं हा माणूस दर आठवड्याला वेगवेगळ्या प्रकारचे सिनेमे आतून उघडून बघत होता, कुठला स्क्रू कुठे बसतो ते. याहून चांगली फिल्म इन्स्टिट्यूट कुठे मिळणार?

आणि 'गेट आउट', म्हणजे तो ऑस्करवाला पहिला सिनेमा, टीव्ही शो संपल्यावर सुचला असंही नाही. ते लिखाण कित्येक वर्षं चालू होतं. २०१८ला ऑस्कर घेताना तो स्टेजवर म्हणाला होता की हे काही होणार नाही असं वाटून मी वीसेक वेळा लिहायचं थांबवलं होतं. वीस वेळा! म्हणजे वरून लोकांना हसवत होता तेव्हा खाली ही भीती शिजतच होती. त्यामुळे कंटाळा बिंटाळा नाही, उलट इतकी वर्षं मनात धरून ठेवलेली गोष्ट.

सिनेमा आला फेब्रुवारी २०१७मध्ये. खर्च ४५ लाख डॉलर, म्हणजे तेव्हाच्या भावाने साधारण २९ कोटी रुपये, हॉलिवूडच्या मानाने अगदी किरकोळ, शूटिंग तेवीस दिवसांत उरकलं, आणि जगभरात धंदा केला २५ कोटी डॉलरच्या वर. ऑस्करची चार नामांकनं होती, उत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शन, अभिनेता आणि मूळ पटकथा, त्यातलं पटकथेचं मिळालं. मूळ पटकथेचं ऑस्कर घेणारा तो पहिला कृष्णवर्णीय लेखक. पुढे २०१९ला 'अस', २०२२ला 'नोप'.

आणि तो एकटाच नाहीये. 'द ऑफिस' या कॉमेडी मालिकेत कॅमेऱ्याकडे बघून भुवया उडवणारा जॉन क्रसिन्स्की, त्याने २०१८ला 'अ क्वाएट प्लेस' केला, आवाज ऐकून शिकार करणाऱ्या राक्षसांचा. झॅक क्रेगर नावाचा एक आहे, तोही स्किट कॉमेडीच्या ग्रुपमधलाच, त्याने २०२२ला 'बार्बेरियन' आणि २०२५ला 'वेपन्स' केला, ज्यात एका वर्गातली सतरा मुलं रात्री दोन सतराला घराबाहेर पडून अंधारात पळत जातात. एकामागून एक तीन माणसं एकाच वाटेने गेली तर त्या वाटेत काहीतरी असणार ना?

ताई, मी गेली तीन वर्षं मालवणीत कॉमेडी रिल्स करतोय, गावात, बाजारात लोक ओळखतात. आता माका एक हॉरर शॉर्ट फिल्म करूची आसा, स्वतः डायरेक्ट करून स्वतःच काम करणार. घरचे म्हणतत, तुजा थोबाड बगूनच लोका हसतली, भियातली कशी? मित्र पण तेच म्हणतात. काय करू?
– एक वाचक, मालवण

हसतील. खोटं कशाला सांगू, पहिली दहा सेकंदं हसतीलच. प्रश्न अकराव्या सेकंदाला तू काय करतोस हा आहे.

तुला एक बघितलेली गोष्ट सांगते. मी बरीच वर्षं नाटकांना साउंड ऑपरेट केलाय. रत्नागिरीत हौशी नाट्यस्पर्धेत एक नाटक होतं, त्यात एक नट होता जो त्या भागात फक्त विनोदी कामांसाठी माहीत होता, आला की टाळ्या, तोंड उघडलं की हशा. या नाटकात त्याला काम होतं घरातल्या वारलेल्या माणसाच्या भावाचं. एंट्री झाली, आणि व्हायचं तेच झालं, मागच्या रांगांतून हशा. बाकीचे नट गडबडले. माझं बोट म्युझिकच्या बटणावर, मला वाटलं आता वाजवून टाकावं म्हणजे झाकलं जाईल. तो मात्र दारातच उभा राहिला. चप्पल काढली. एक काढली, दुसरी काढताना थांबला, आणि बाकीच्या चपलांमध्ये एक जोड होता, गेलेल्या भावाचा, त्याकडे बघत राहिला. काही बोलला नाही. हशा आपोआप पातळ होत गेला, मग एकदोघांचाच उरला, मग त्यांनाही लाज वाटली असावी, आणि मग एवढ्या मोठ्या हॉलमध्ये पंखे ऐकू यायला लागले. मग त्याने तो जोड उचलला आणि आत नेला. मी बटण दाबलंच नाही त्या दिवशी.

तर हे बघ. कॉमेडी करणाऱ्याला सगळ्यात जास्त भीती कशाची असते? शांततेची. हॉल शांत म्हणजे जोक पडला, त्यामुळे आपण काय करतो, शांतता आली की लगेच भरतो, एक तोंड वाकडं कर, एक शिवी टाक, एक म्युझिक टाक. तुझ्या रिल्स मी बघितल्या (तू लिंक पाठवलीस म्हणून), तीस सेकंदांत अकरा कट आहेत आणि प्रत्येक कटवर ढॅण. कॉमेडीला चालतं ते. पण हॉररमध्ये शांतता म्हणजे प्रेक्षक कामाला लागलाय, तो स्वतः अंधारात शोधतोय, त्याला शोधू दे, तू मध्ये बोलू नकोस. टायमिंग तुझ्याकडे आहेच, लोकांपासून काय लपवायचं, किती वेळ लपवायचं, कधी सोडायचं, हे कॉमेडीवाल्याइतकं कुणालाच कळत नाही, जोक म्हणजे तरी काय, शेवटचा शब्द शेवटपर्यंत लपवणं. बाकी सगळं येतं तुला, आता फक्त शांतता सोसायला शीक.

'गेट आउट'मधला चहाचा सीन बघ, निव्वळ त्या सीनसाठी बघ. एक कृष्णवर्णीय तरुण, गोऱ्या मैत्रिणीच्या आईवडिलांच्या घरी पहिल्यांदाच राहायला आलाय, रात्री मैत्रिणीची आई त्याला समोर बसवते आणि गप्पा मारता मारता कपात चमचा फिरवते. बस्स. किण्ण किण्ण. चीनी मातीवर चमचा घासल्याचा आवाज, जो आपण दिवसातून चार वेळा ऐकतो. आणि त्या आवाजावर तो पोरगा खुर्चीत खिळतो आणि खाली खाली बुडत जातो. ना किंकाळी, ना पांढरी साडी. मी साउंडची बाई, मला तो चमचा अजून ऐकू येतो.

आता कामाचं. रात्री बाहेर शूट करणार असशील तर आधी नुसता आवाज रेकॉर्ड करून बघ, कॅमेरा घेऊच नकोस. आपल्याकडे रात्र कधीच शांत नसते, रातकिडे, समुद्राची गाज, पावसाळ्यात बेडकं, लांबून कुणाचं तरी कुत्रं, शेजारच्या घरातला फ्रिज. मोबाइलच्या माइकमध्ये हे सगळं एकत्र होऊन नुसती खरखर येते आणि त्यात डायलॉग बुडतो. तर गाज वेगळी घे, रातकिडे वेगळे घे, दोन दोन मिनिटं, डायलॉग घरात दारं लावून वेगळा घे. आणि मग एडिटला बसलास की एक कर, जिथे भीती यायची असेल तिथे रातकिडे बंद कर. म्युझिक वाढवू नको, रातकिडे बंद कर. कोकणातल्या माणसाला रातकिडे अचानक थांबले की काय होतं ते तुला माहितीये.

पावसात करणार असशील तर कॅमेऱ्याला छत्री नाही पुरत, ताडपत्री बांध, आणि घरी आलास की कॅमेरा तांदळाच्या डब्यात टाकू नकोस, सिलिका जेलच्या पुड्या घालून बंद डब्यात ठेव. 'तुंबाड'वाल्यांनी कित्येक पावसाळे काढले तो सिनेमा करायला, म्हणून त्यातला पाऊस अंगावर येतो.

आणि रात्रच कशाला पाहिजे? 'गेट आउट'मधला बराचसा भाग भर उन्हात, हिरव्यागार लॉनवर, हसऱ्या माणसांमध्ये घडतो. आपल्याकडे तर दुपारी बाराची वेळ तिन्हीसांजेइतकीच वाईट मानतात, 'बाराचा विहिरीवर जाऊ नको' हे प्रत्येकाने आजीकडून ऐकलेलं. मे महिन्यातली दुपार, सगळं गाव झोपलेलं, फणसाचा वास, आणि विहिरीवर रहाटाचा आवाज. लाइट भाड्याने आणायचे पैसे पण वाचतील.

थोबाडाचं म्हणशील तर तेच तुझं भांडवल आहे. लोकांना वाटतं हा आता हसवणार, म्हणून ते सैल बसतात. सैल बसलेल्या माणसाला घाबरवणं सोपं.

तुम्ही हे अमेरिकेचं कौतुक सांगताय पण आमच्या दशावतारात हसवणारा आणि घाबरवणारा एकच असतो, आमचो संकासूर काय कमी आसा?
– दशावतारी कलाकार, कुडाळ तालुका

दादा, तुमचं शंभर टक्के बरोबर आहे, आणि हे मी आधीच लिहायला हवं होतं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, दशावतारात मूळ आख्यानाच्या आधी आडदशावतार होतो, त्यात वेद पळवणारा संकासुर येतो, खरं तर राक्षस, पण बोलतो मालवणीत आणि देवळासमोर बसलेल्या अख्ख्या जत्रेला हसवतो आणि शेवटी विष्णूच्या हातून मरतो. आणि तुम्हा लोकांना लिहिलेली संहिताही नसते, कथा ठरलेली, बाकी सगळं उभ्या उभ्या, समोरचा प्रेक्षक बघून. ज्याला रात्री तीन वाजता पेंगणारा प्रेक्षक हसवून जागा करता येतो आणि पुढच्या दहा मिनिटांत रडवता येतो त्याला टायमिंगचं मी काय सांगणार.

मी गुहागरकडची, आमच्याकडे संकासुर शिमग्यात येतो, खेळ्यांबरोबर, म्हणजे नाचत-गात फिरणाऱ्या मंडळींबरोबर, घरोघरी. पूर्ण काळा वेश, डोक्यावर उंच निमुळतं काळं टोपडं, पांढरी दाढी, कमरेला घुंगरं, हातात दोर. मी सहा वर्षांची असेन, घुंगरं पाणंदीत वाजली की पोटात गोळा यायचा आणि तरी पहिल्यांदा अंगणात मीच धावायचे, आणि तो समोर आला की आजीच्या लुगड्यात. तो माझ्याकडे बघून मान एकदम वाकडी करायचा आणि नुसता थांबायचा. हलायचा नाही. मी किंचाळायचे, आणि माझ्या किंचाळण्यावर तोच कंबर हलवून असा नाचायचा की मी रडता रडता हसायचे. नंतर टोपडं वर करून पडवीत चहा पिताना दिसला तर आमच्याच वाडीतला काका. ओळख पटली तरी पुढच्या वर्षी भीती तेवढीच. ती वाकडी मान आणि ते थांबणं, चाळीस वर्षांनी 'अस' बघताना परत आठवलं, त्यातही एक कुटुंब रात्री घरासमोर येऊन नुसतं हात धरून उभं राहतं, आणि ते त्या घरातल्या कुटुंबासारखंच दिसतं.

एकच विनंती, दादा. तुमच्यातल्या कुणी तरुण पोराला सिनेमा करायचा असेल तर त्याला अडवू नका, आणि त्याला नुसतं काम करू देऊ नका, डायरेक्ट करायला सांगा. आपले हसवणारे नट आयुष्यभर दुसऱ्याच्या सिनेमात नोकराचं काम करत राहतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

भुताखेताचे सिनेमे काढून अंधश्रद्धा वाढवायच्या का? मी शाळेत मुलांना याच्या उलट शिकवतो. जादूटोणा विरोधी कायदा होऊनही आमच्या भागात देवस्की चालूच आहे.
– शिक्षक, राजापूर

सर, तुमची काळजी खरी आहे. २०१३चा कायदा आहे, आणि तरीही आजारी पोराला डॉक्टरआधी दुसरीकडे नेणारे आहेत, मला माहितीये. म्हणूनच मला पील महत्त्वाचा वाटतो. 'गेट आउट'मध्ये भूत नाहीच! भीती आहे ती गोड बोलणाऱ्या, सुशिक्षित, घरी बोलावून पाहुणचार करणाऱ्या माणसांची, ज्यांना त्या पोराचं शरीर हवंय. वंशभेदावर भाषण दिलं असतं तर अर्धे लोक उठून गेले असते, याने ती भीती प्रेक्षकाच्या अंगात घातली, गोऱ्या प्रेक्षकाच्या सुद्धा. तो स्वतः असल्या सिनेमाला सोशल थ्रिलर म्हणतो. आणि हे कॉमेडीवाल्यालाच सुचू शकतं असं मला वाटतं, कारण चांगली कॉमेडी करणारा रोज हेच बघत असतो, माणसं सभ्यपणे बोलताना खरं काय बोलतायत.

(पुढे शेवट सांगतेय, बघायचा असेल तर एवढा परिच्छेद सोडा.) शेवटी तो पोरगा रक्ताने माखलेला, आजूबाजूला प्रेतं, आणि गाडीचे लाल-निळे दिवे येतात. थिएटरमधल्या प्रत्येकाला वाटतं, संपलं, पोलीस आले, आता यालाच धरणार. आधी शेवट तसाच होता, पोलीस त्याला पकडतात. मग पीलने तो बदलला, गाडीतून त्याचा मित्र उतरतो, जो एअरपोर्ट सिक्युरिटीत आहे आणि सिनेमाभर विनोद करत आलाय. लोक हसतात, टाळ्या पिटतात. पण दिवे दिसल्यावर पोटात जे झालं ते राहतंच, आणि ते भुतामुळे झालेलं नसतं.

आता आपल्याकडे बघा. बंद घरं किती आहेत एकेका वाडीत? गणपतीला आणि शिमग्याला उघडायची, बाकी वर्षभर कुलूप, आत देव अंधारात. एका सातबाऱ्यावर बावीस नावं, त्यातली निम्मी मुंबईत, काही तर वारलेली पण नाव तसंच. बाहेरचा गिऱ्हाईक येतो, फार गोड बोलतो, आजीच्या पाया पडतो, पेढे आणतो, सह्या गोळा करत फिरतो. आणि एक म्हातारी, एकटी, सही द्यायची नाही म्हणून बसलेली. यात देवचार, मुंजा, चकवा काही घालायची गरज नाही सर. हा सिनेमा कुणी काढला तर मी वर्गणी काढून तुमच्या शाळेत दाखवीन.

हॉरर-कॉमेडी आणि हे, एकच ना? मग आपल्याकडे 'झपाटलेला' १९९३लाच आला.
– दापोली

एकच नाही. 'झपाटलेला' मला अतिशय आवडतो, महेश कोठारेंनी 'धूमधडाका'सारखी कॉमेडी करून मग तो केला हे खरंच, आणि रामदास पाध्येंच्या त्या बाहुल्याने, तात्या विंचूने, एक अख्खी पिढी रात्री लघवीला एकटी जाऊ दिली नाही. पण तिथे हसणं आणि भीती पाळीपाळीने येतात, लक्ष्मीकांत बेर्डे आले की हसायचं, बाहुला आला की घाबरायचं. पील हसण्यातूनच भीती काढतो. 'नोप'मध्ये एक प्रसंग आहे, टीव्हीवरच्या कॉमेडी मालिकेचं शूटिंग, वाढदिवसाचा सीन, समोर हसणारे प्रेक्षक, फुगे, त्यात एक चिंपांझी काम करतोय. एक फुगा फुटतो. आणि तो चिंपांझी बिथरतो. पुढचं सगळं टेबलाखाली लपलेल्या एका लहान मुलाच्या नजरेतून. 'हसा' म्हणून सजवलेल्या जागेतच ते घडतं. आयुष्य कॉमेडीच्या सेटवर काढलेल्या माणसालाच असलं सुचतं.

आणि हो, तात्या विंचूवरून आठवलं, पीलने कॉलेजात बाहुल्यांचा खेळ शिकायला सुरुवात केली होती, मग कॉमेडीसाठी कॉलेज सोडलं.

माझा नातू सात वर्षांचा आहे, मुंबईहून सुट्टीला येतो तेव्हा मोबाइलवर 'भूतवाला पिक्चर' लाव म्हणून मागे लागतो. हे पीलचे सिनेमे दाखवले तर चालतील का?
– एक आजी, गुहागर

नाही आजी, अजिबात नको. रक्त आहे, मारामारी आहे, अमेरिकेत सुद्धा ते मोठ्यांसाठीचे म्हणूनच लागले, आणि त्यातली खरी भीती त्याला कळायची पण नाही. तुम्ही गुहागरच्या ना, मग पोराला शिमग्याला बोलवून घ्या, परीक्षा मार्चमध्ये असल्या तर पालखीचे दोन दिवस तरी. खेळे अंगणात आले की त्याला पुढे ढकलू नका, आणि उचलूनही घेऊ नका. तुमच्या मागे उभा राहू दे, पदर धरून. आणि संकासुराने टोपडं काढून चहा घेतला की मगच त्याला पडवीत न्या.